नव्या फॉरवर्डला ओळीत बसवताना

पुण्याच्या खडकीत पोरांना हॉकी शिकवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: "सर, माझ्या हाताखाली वाढलेला १९ वर्षांचा पोरगा हॉकी इंडिया लीगच्या एका संघाने ज्युनियर म्हणून घेतला. आमच्याकडे तो सेंटर फॉरवर्ड खेळायचा, गोलांचा रतीब घालायचा. तिथे त्याला उजवीकडे टाकलंय आणि एका क्वार्टरमध्ये चार-पाच मिनिटंच खेळवतात. संघातला सगळ्यात मोठा फॉरवर्ड मधे खेळतो, त्याच्या शेजारी याला का लावत नाहीत? पोराचा रोज रात्री फोन येतो. वडील म्हणतात, तुम्ही त्यांच्या कोचशी बोला. बोलू का? आणि अशा पोराला फॉरवर्ड लाइनमध्ये नेमकं बसवतात तरी कसं?"

तू माझ्याकडे खेळलास, म्हणून इथेही 'तू'च म्हणतो.

आधी फोनचं बघू. कोचला फोन करू नकोस आणि वडिलांनाही करू देऊ नकोस. मी बेंचच्या त्या बाजूला बरीच वर्षं बसलो आहे. ज्या पोरासाठी घरून फोन येतो, त्याच्याबद्दल कोचच्या मनात पहिला विचार येतो की हा अजून दुसऱ्याच्या खांद्यावर उभा आहे. पोराला काही विचारायचं असेल तर ते त्याने स्वतः विचारावं, तेही सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, सरावाआधी, आणि प्रश्न "मला कमी का खेळवता?" असा नसावा. "प्रेसमध्ये, म्हणजे समोरच्याकडे बॉल असताना त्याला दाबायला जाताना, माझं कुठे चुकतंय?" असा असावा. हा प्रश्न विचारणाऱ्या पोराला कुठलाही कोच पाच मिनिटं जास्तच देतो.

आता मिनिटांचा हिशेब. वडिलांच्या डोक्यातली हॉकी ७० मिनिटांची आहे. ३५-३५चे दोन हाफ, सेंटर फॉरवर्ड पहिल्या शिट्टीला आत गेला की शेवटच्या शिट्टीलाच बाहेर. खडकीच्या मैदानांवर धनराज पिल्लेंचं नाव ऐकत वाढलेल्या माणसाला तसं वाटणारच, त्यात त्यांचा दोष नाही. पण १९९२ पासून खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येऊ लागले आणि २०१४ पासून वरच्या दर्जाच्या हॉकीत १५ मिनिटांचे चार क्वार्टर आले. आजचा फॉरवर्ड दमला म्हणून बाहेर येत नाही, दमायच्या आधी त्याला बाहेर काढतात, म्हणजे पुढच्या वेळी तो त्याच वेगाने पळेल.

टर्फवर एका वेळी तीन फॉरवर्ड धर. ६० मिनिटांच्या सामन्यात तीन जागांची मिळून १८० मिनिटं होतात. सहा फॉरवर्ड असतील तर सरळ वाटणीत प्रत्येकाला ३० आली. पण वाटणी कधीच सरळ नसते. दोघे बडे ३८-३८ खेळतात, मधले दोघे ३२-३२. उरली ४०, ती शेवटच्या दोघांत २०-२०. म्हणजे एका क्वार्टरमध्ये पाच मिनिटं. तुझ्या पोराला जे मिळतंय ते पहिल्या हंगामातल्या ज्युनियरचं नेमकं तेवढंच माप आहे. त्याला कुणी डावललेलं नाही, हे वडिलांना कागदावर मांडून दाखव.

फॉरवर्ड 'लाइन' हा शब्द आपल्याकडे जुना आहे. पाच फॉरवर्डची ओळ असायची तेव्हाचा. आइस हॉकीत तो अजून शब्दशः खरा आहे: तिथे सामन्याला १२ फॉरवर्ड, तिघातिघांच्या चार ओळी, आणि मिनिटभराच्या आत अख्खी ओळ बदलते. तिथला कोच नव्या पोराला तिसऱ्या किंवा चौथ्या ओळीत ठेवतो आणि पोराला आपली जागा नेमकी कळते. आपल्या हॉकीत तसं होत नाही. एकेक, दोनदोन बदलतात. राइट आउट, म्हणजे उजव्या कडेचा फॉरवर्ड, बाहेर येताना मधला तिथेच असतो, तीन मिनिटांनी तोही जातो. त्यामुळे "पहिल्या ओळीत का नाही?" या प्रश्नाला आपल्याकडे फारसा अर्थ उरत नाही. तो कुणाबरोबर आत जातो आणि कुणाबरोबर बाहेर येतो, हे बघ.

त्याकडे येतो. त्याआधी उजव्या बाजूचं सांगतो, कारण तुला ती शिक्षा वाटते आहे.

हॉकीची स्टिक सगळ्यांची एकाच हाताची, डावरी स्टिक या खेळात नाहीच. म्हणून मैदानाच्या दोन बाजू सारख्या नसतात. उजव्या कडेने पळणाऱ्या फॉरवर्डचा बॉल फोरहँडला, म्हणजे साइडलाइनकडे राहतो, आणि अडवायला आलेल्या लेफ्ट हाफला, म्हणजे समोरच्या संघाच्या त्या कडेच्या बचावपटूला, त्या बाजूला रिव्हर्सने, स्टिक उलटी फिरवून, टॅकल करावं लागतं. वेगवान पोराला याहून सोपी वाट नाही. बाहेरून सुटायचं, बेसलाइन गाठायची, बॉल मागे डीत, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, ढकलायचा. डावीकडे उलटं आहे. बाहेरून गेलास की राइट हाफच्या फोरहँडवर आयता सापडतोस, म्हणून आत वळावं लागतं, आणि आत गर्दी असते. मधे तर सगळ्यात अवघड. सेंटर फॉरवर्ड अर्धा वेळ गोलकडे पाठ करून बॉल घेतो आणि डिफेंडर त्याच्या खांद्याला टेकलेला असतो. आपल्या क्लबच्या सामन्यांत तो डिफेंडर एक पाऊल उशिरा पोचायचा, म्हणून तुझ्या पोराला वळायला वेळ मिळायचा. तिथे परदेशी डिफेंडर ते पाऊल देत नाहीत. कोचने त्याला सगळ्यात कमी इजा होईल अशा ठिकाणी उभं केलंय. इजा म्हणजे अंगाला नाही रे, आत्मविश्वासाला. सुरुवातीला तीनदा वळताना बॉल गेला की पोरगं चौथ्यांदा बॉल मागतच नाही.

आता मोठ्याच्या शेजारी लावण्याचं. याबाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगतो, ती मला अजून सलते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका डिपार्टमेंटच्या संघाबरोबर मी साहाय्यक कोच होतो. असाच एक पोरगा आला, १८-१९चा, पायात वारं भरलेलं. संघात भारताकडून खेळून आलेला एक बडा फॉरवर्ड होता. मी मुख्य कोचच्या मागे लागलो, की याला त्याच्या शेजारीच खेळवा, शिकेल, मोठ्याकडे दोन डिफेंडर खेचले जातील आणि याला मोकळी जागा मिळेल. कागदावर बिनचूक होतं. पहिल्या सामन्यात पोराने गोलही मारला, मी खूश.

मग हळूहळू काय झालं, ते माझ्या लक्षातच आलं नाही. मोठा डीच्या टोकावर हात वर करून बॉल मागायचा. त्यात गैर काही नाही, मोठे खेळाडू बॉल मागतातच. पोरगा द्यायचा. न दिला तर मोठा काही बोलायचा नाही, नुसता हात खाली घेऊन वळायचा. तेवढं पुरे होतं. पाचव्या सामन्याचा व्हिडिओ रात्री बघत बसलो होतो. डीच्या आत बॉल पोराच्या स्टिकवर, गोलकीपर पुढे आलेला, लांबचा कोपरा सताड उघडा. आणि पोरगा मान वर करून शोधतोय. कुणाला? मोठ्याला. मी तो तुकडा चार वेळा मागेपुढे केला. पोराने शॉट मारायचा विचारसुद्धा केलेला नव्हता. गोल मारणारा पोरगा आणून पाच सामन्यांत मी त्याचा पास देणारा शिपाई करून टाकला होता.

मुख्य कोच अनुभवी होते. मला काही न बोलता त्यांनी पुढच्या सामन्यापासून पोराला तिशी ओलांडलेल्या एका लेफ्ट इनच्या, म्हणजे मधल्याच्या डावीकडे खेळणाऱ्या फॉरवर्डच्या, जोडीला लावलं. हा माणूस कधी पेपरात आला नाही. पण टर्फवर त्याचं तोंड क्षणभर बंद नसायचं. "थांब", "आत ये", "वेळ आहे", "मागून आला". बॉल मिळाला की दुसऱ्या टचला तो सोडायचा, त्यामुळे पोराला पळता पळता बॉल मिळायचा, उभ्या उभ्या नाही. आणि पोराचा बॉल गेला की हाच आधी मागे पळायचा, हात न झटकता. दोघं एकत्र आत जायचे, एकत्र बाहेर यायचे, बेंचवर शेजारी बसून पाण्याच्या बाटलीने टर्फवर रेघा ओढत बोलायचे. सात-आठ सामन्यांत पोरगा पुन्हा शॉट मारायला लागला. मग तो मोठ्याच्या शेजारीही खेळला, आणि चांगला खेळला, कारण तोवर मोठ्याचा हात वर असतानाही स्वतः मारायचं धाडस त्याच्यात आलं होतं.

तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे. नव्या फॉरवर्डला जागा नंतर द्या, आधी जोडीदार द्या. आणि तो संघातला सगळ्यात चांगला खेळाडू नसावा. सगळ्यात जास्त बोलणारा आणि बॉल लवकर सोडणारा असावा. दोन ज्युनियर तर एकत्र कधीच उतरवू नयेत. दोघंही एकमेकांकडे बघत राहतात आणि बोलत कुणीच नाही.

रात्रीच्या फोनवर पोराला विचार, तुझ्याबरोबर आत कोण जातं? दर वेळी एकच नाव आलं तर कोच त्याला नीट घडवतोय असं समज आणि निवांत झोप. दर वेळी वेगळं नाव आलं तर पोराने स्वतःच एखाद्या जुन्या खेळाडूच्या मागे लागावं. सरावानंतर त्याच्याबरोबर २० मिनिटं जास्त थांबावं. कोच हे बघत असतो, आणि जोड्या पुष्कळदा तिथूनच ठरतात.

केव्हा आत पाठवतात तेही बघ. पहिल्या पाच मिनिटांत नव्याला उतरवत नाहीत, कारण तेव्हा समोरचा संघ ताजा असतो आणि अंगावर येतो. क्वार्टरच्या मधल्या टप्प्यात पाठवतात. डिफेंडर फॉरवर्डइतके बदलले जात नाहीत, त्यामुळे सहा-सात मिनिटांनी लेफ्ट हाफचे पाय जड झालेले असतात आणि तुझ्या पोराचे ताजे. तुला ते 'मधेच कुठेतरी' वाटतं, पण ती वेळ मुद्दाम निवडलेली असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बॉल आपल्याकडे नसताना फॉरवर्ड काय करतो, हे क्लबच्या हॉकीत आपण शिकवतच नाही. मीही तुला शिकवलं नव्हतं, कबूल करतो. आपला सेंटर फॉरवर्ड कमरेवर हात ठेवून सेंटरलाइनवर उभा राहायचा आणि आपण म्हणायचो, दम राखतोय. लीगमध्ये फॉरवर्ड हा पहिला डिफेंडर असतो. समोरचा संघ मागून बॉल काढतो तेव्हा तीन फॉरवर्डनी मिळून तो एका बाजूला ढकलायचा असतो, जिथे आपले हाफ टपून बसलेले आहेत. त्यासाठी बॉलवर सरळ धावून चालत नाही. वळसा घेऊन जायचं, आतला पास आपल्या सावलीत येईल असं, आणि स्टिक जमिनीला टेकलेली, म्हणजे पासची वाट अर्धी बंद होते. नवा पोरगा उत्साहाने सरळ धावतो, डिफेंडर सहज एक पास त्याच्या बाजूने आरपार काढतो, आणि एका पासात आपले तिन्ही फॉरवर्ड मागे पडतात. मग तो चिडून मागून टॅकल घालतो. ग्रीन कार्ड, दोन मिनिटं बाहेर, संघ दहा जणांवर. पाच मिनिटांच्या पाळीतली दोन मिनिटं अशी गेली तर पुढच्या क्वार्टरला कोच त्याला उठवेल का?

पोराला सांग, त्या पाच मिनिटांत गोल नाही झाला तरी चालेल. आपल्या बाजूने बॉल आरपार गेला नाही, एवढं पहिले दहा सामने सांभाळ. मिनिटं आपोआप वाढतील, आणि ती फॉरवर्डच्याच हिश्श्यातून येतील, कारण प्रेस न करणारा कुणी ना कुणी प्रत्येक संघात असतोच.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधला ब्रिटनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना पोराला पुन्हा बघायला लाव. भारताच्या १६ जणांच्या संघात फॉरवर्ड पाचच होते: मनदीप, ललित, गुरजंत, अभिषेक, सुखजीत. १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं आणि उरलेली ४० हून जास्त मिनिटं भारत दहा जणांवर खेळला. भारताचा एकमेव गोल हरमनप्रीतने पेनल्टी कॉर्नरवर मारला, सामना १-१ राहिला आणि शूटआउटमध्ये ४-२ असा जिंकला. टीव्हीवर सगळ्यांनी गोलकीपर श्रीजेश पाहिला, आणि तो होताच अफाट. पण तू पोराला फक्त फॉरवर्ड बघायला सांग. ते किती मागे येतात, कुठे उभे राहतात, स्टिक कुठे असते. दहावा माणूस म्हणून ते काय करत होते हे ज्याला दिसलं, त्याला फॉरवर्डचं अर्धं काम समजलं.

एक गोष्ट मात्र अशी आहे जी तू इथे बसून, पुण्यात, त्याच्यासाठी करू शकतोस. पेनल्टी कॉर्नर.

पेनल्टी कॉर्नर मिळाला की तो संपेपर्यंत खेळाडू बदलता येत नाही. हा नियम सगळ्यांना माहीत असतो, पण त्याचा नव्या पोराच्या मिनिटांशी काय संबंध, हे फारसं कुणी बोलत नाही. समज, तुझा पोरगा आत आहे आणि कॉर्नरला बेसलाइनवरून बॉल देणारा, म्हणजे इंजेक्टर, नेमका बाहेर बसलाय. तेवढ्यात कॉर्नर मिळाला. आता बॉल कोण देणार? कोच दर वेळी हाच हिशेब करतो: हा आत असताना कॉर्नर मिळाला तर माझी बॅटरी, म्हणजे कॉर्नर घेणाऱ्यांची ठरलेली जुळणी, मोडते. म्हणून कॉर्नर मिळण्याची शक्यता वाढते तेव्हा, म्हणजे आपण डीच्या आसपास घुटमळत असतो तेव्हाच, नव्याला बाहेर ओढतात. पोराला वाटतं, रंगात आलो की बाहेर काढतात. पण त्याला इंजेक्शन येत असेल, किंवा गोलकीपरच्या पॅडवरून आलेला रिबाउंड मारायला तो पोस्टजवळ वेळेवर पोचत असेल, तर तो आत असणं अडचणीचं राहत नाही, उलट सोयीचं होतं.

इंजेक्शन ही सरावाने येणारी गोष्ट आहे, त्याला दैवी देणगी लागत नाही. बेसलाइनवर गोलपोस्टपासून दहा मीटरच्या खुणेवरून बॉल द्यायचा, तो डीच्या बाहेर थांबवणाऱ्याच्या स्टिकवर, एकही उडी न मारता, दर वेळी एकाच वेगाने. डावा पाय कुठे, बॉल स्टिकच्या कुठल्या भागाला चिकटून ओढायचा, हे त्याच्या तिथल्या कोचकडून शिकू दे, तू तुझं वेगळं काही शिकवू नकोस. तो घरी आला की तू फक्त आवर्तनं करून घे.

टर्फचंही बोलून ठेवतो. लीगचे सामने हिवाळ्यात, बरेचसे दिव्यांच्या उजेडात. पाणी मारलेलं टर्फ, वर दव. बॉल घसरत येतो, आपल्या अंदाजापेक्षा आधी पोचतो. खडकीच्या मातीवर वाढलेल्या पोरांचे हात मऊ असतात, उडालेला बॉल ते झेलल्यासारखा थांबवतात, हा आपल्या मैदानांचा मोठा गुण आहे. पण ओल्या टर्फवर तीच पोरं पहिला महिना ट्रॅप चुकतात, स्टिक जरा उशिरा खाली जाते. ही खोट नाही, सवय आहे, आणि ती मोडते. सुरुवातीच्या सामन्यांत त्याचे दोन-चार बॉल असे स्टिकखालून गेले असतील तर त्याला त्यावरून बोलू नकोस.

भाषेचंही लक्षात ठेव. खडकीतली पोरं घरी तमिळ, तेलुगू, मराठी काहीही बोलोत, मैदानावर सगळ्यांचं हिंदी-मराठी मिसळून चालतं. तिथे कोच इंग्रजीत बोलणार, सेंटर हाफ डच किंवा ऑस्ट्रेलियन असू शकतो. टर्फवर लागणारे शब्द १५-२०च आहेत. ते पोराने पहिल्या आठवड्यात पाठ करावेत आणि मोठ्याने ओरडायला शिकावं. लाजून गप्प बसणारं पोरगं कितीही गुणी असलं तरी त्याच्या शेजारी खेळणाऱ्याला ते आंधळं वाटतं.

तू विचारलंस तो सेंटर फॉरवर्डचा प्रश्न राहिला. मधे तो जाईल, पण या हंगामात नाही. पुढच्या वर्षी प्रेस जमलेला, कॉर्नरमध्ये एक काम येणारा आणि टर्फवर बोलणारा पोरगा म्हणून तो कॅम्पला गेला, तर कोच स्वतःच त्याला मधे टाकून बघेल. वडिलांना एवढंच सांग.

लीग संपून तो घरी आला की मला कळव. नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर सकाळी टर्फ मोकळं असेल तो दिवस बघ, सहाला पोचू. तू डीच्या टोकावर बॉल थांबव, तो इंजेक्शन देईल, शंभर सकाळी आणि शंभर संध्याकाळी. किती नीट पोचले त्याची वही मी धरतो.